शरीर हलकें व्हावें, दुबळें होऊं नये

(ज्युबिली सप्ताहांत पॅरिशच्या सभागृहांत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



ज्युबिलीच्या या सप्ताहांत कोणीं आपल्या देवळाचा इतिहास सांगितला, कोणीं जुन्या धर्मगुरूंच्या आठवणी सांगितल्या. आजच्या व्याख्यानाचा विषय पाटीवर वाचून कित्येकांना हंसूं आलें असेल. वजन उतरवितांना काय खावें, हें सांगणें डॉक्टरांचें काम. वेदीजवळ उभें राहणाराचें नव्हे, असें कोणी म्हणेल. तें खरेंच आहे. आम्ही सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकलों, ईश्वरज्ञान शिकलों. वैद्यक शिकलों नाहीं. परंतु या बाबतींत आमच्या हातून एक चूक घडली आहे. ती ज्यांच्यासमोर घडली त्यांच्यासमोरच सुधारावी, म्हणून हा विषय आम्हीं मुद्दाम मागून घेतला.

ती चूक अशी. आपल्या पॅरिशमधील एक मावशी, वय पासष्टीच्या पुढें. रक्तांत साखर, गुडघे दुखरे. डॉक्टरांनीं त्यांना वजन कमी करावयास सांगितलें. त्या वर्षीं उपासाचा काळ आला तेव्हां मावशींनीं मनाशीं ठरविलें कीं, देवाचें काम आणि डॉक्टरांचें काम एकदमच करावें. त्यांनीं मासळी सोडली, अंडें सोडलें, दूध सोडलें. सकाळीं चहा आणि खारी, दुपारीं थोडा भात आणि पातळ रस्सा, रात्रीं नुसती पेज. चाळीस दिवसांत त्यांचें वजन पांच किलो उतरलें. आम्हीं, नांव न घेतां परंतु सर्वांना कळेल अशा रीतीनें, मिसाच्या प्रवचनांत त्यांचा दाखला दिला. मावशींना धन्य वाटलें, आणि ईस्टर उलटल्यावरही त्यांनीं तोच क्रम चालूं ठेवला.

पावसाळ्यांत एका सकाळीं मोरीच्या उंबऱ्याशीं त्यांचा तोल गेला आणि खुब्याचें हाड मोडलें. इस्पितळांत आम्ही भेटावयास गेलों तेव्हां डॉक्टर म्हणाले, "फादर, हाडें वयानें ठिसूळ झालीं होतींच. पण चरबीबरोबर मांसही उतरलें आहे. पाय घसरल्यावर सांवरायला मांड्यांत जी ताकद लागते, ती राहिली नाहीं." आज मावशी देवळांत येत नाहींत, दर पहिल्या शुक्रवारीं आम्हीच त्यांच्या घरीं कम्युनियन घेऊन जातों. एकदां त्या हंसून म्हणाल्या, "फादर, तुम्हींच तर मला शाबासकी दिली होती." त्या हंसल्या; आम्हांस हंसतां आलें नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं जाणत्या डॉक्टरांना विचारलें, ग्रंथ वाचले, आणि जें कळलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहों. सांगावयाचें तें एका वाक्यांत सांगतां येईल: जेवण कमी करावयाचें असेल तेव्हां भात, साखर, तेल आणि दारू कमी करा, मासळी, अंडें, डाळ, उसळ आणि दूध कमी करूं नका.

आतां कोणी विचारील, वजन कमी करण्याची गरजच काय? आमच्या वसईकडील पूर्वज तीन वेळां भात खात, आणि तरी सडसडीत असत. होय, परंतु ते वाडींत रहाट हांकीत, केळींना पाणी शिंपीत, भाजीच्या पाट्या डोक्यावर घेऊन बाजार गांठीत. तो भात वाडींतच जिरत असे. आज विहिरीवर पंप आहे, दारांत मोटारसायकल आहे, कचेरींत खुर्ची आहे. राहिला आहे तो भात तेवढा. आपल्या देशांतील मोठ्या पाहणीचा जो निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाला, त्यावरून २०२१ सालीं भारतांत सुमारे १० कोटि लोकांना मधुमेह होता. आपल्या लोकांची चरबी विशेषतः पोटाभोंवतीं सांठते आणि तीच अधिक घातक असते. म्हणून पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरांच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरांच्या वर गेली कीं सावध व्हावें, असें वैद्य सांगतात. तेव्हां मावशींच्या डॉक्टरांचा सल्ला योग्यच होता. चुकली ती रीत.

ती रीत कोठें चुकली हें समजण्यासाठीं शरीर म्हणजे एक घर आहे असें समजा. घरांत चूल आहे, आणि घराला वासे आहेत. भात, भाकरी, साखर, तेल, तूप हें मुख्यतः चुलीचें सरपण. प्रथिनें, ज्यांना आपण बोलतांना प्रोटीन म्हणतों, तीं मुख्यतः घराचे वासे. मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञानें १८३८ सालीं हें नांव प्रथम प्रसिद्ध केलें. ज्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें त्याचा अर्थच 'अग्रस्थानीं असलेलें' असा आहे. आपले स्नायू, कातडी, रक्तांतील लाल द्रव्य, रोगाशीं झगडणारीं द्रव्यें, हीं सारीं प्रथिनांचीं. हाडांच्या सांगाड्यांतही त्यांचा मोठा भाग आहे.

सरपण जास्त आलें तर शरीर तें चरबीच्या रूपानें रचून ठेवतें. वाशांचा मात्र असा निराळा सांठा नसतो. रोज थोडे वासे झिजतात, आणि रोज नवे घालावे लागतात. आपण जेवण कमी केलें म्हणजे शरीरानें रचून ठेवलेलें सरपण जाळावें अशी आपली इच्छा असते. परंतु त्याच वेळीं नव्या वाशांचें लाकूडही येईनासें झालें, तर सरपणाबरोबर जुने वासेही चुलींत जातात. नुसती उपासमार करून उतरविलेल्या दर ४ किलो वजनांत १ किलोपर्यंत चरबीखेरीज दुसरा भाग, मुख्यतः मांस, असूं शकतो. वजनाचा कांटा हा भेद दाखवीत नाहीं. कांट्याला चरबी आणि मांस सारखींच. आणि पुढें कंटाळून माणूस पुन्हां पूर्ववत् जेवूं लागला म्हणजे गेलेलें वजन परत येतें; परंतु उतारवयांत तें येतें तें बहुतेक चरबीच्याच रूपानें. अशा रीतीनें दोनतीन वेळां वजन उतरवून चढविणारा मनुष्य कांट्यावर तितकाच राहून आंतून दुबळा होत जातो.

उपासमारीनें माणसाचें काय होतें याची एक प्रसिद्ध परीक्षा अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत १९४४ व १९४५ सालीं झाली. युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार दिलेले ३६ तरुण, युरोपांतील उपाशी लोकांना पुन्हां कसें पोसावें हें कळावें म्हणून, स्वखुषीनें पुढें आले. चोवीस आठवडे त्यांना निमपोटीं ठेवण्यांत आलें. अन्न मुख्यतः बटाटे, सलगम, पाव अशा प्रकारचें. ते लठ्ठ नव्हते, निरोगी होते. त्यांचें वजन जवळजवळ चतुर्थांश घटलें. पण त्याबरोबर बळ गेलें, उत्साह गेला, मन खिन्न झालें, आणि दिवसरात्र डोक्यांत अन्नाखेरीज दुसरा विचार उरला नाहीं. अन्नावरील आसक्ति सुटावी म्हणून जो अविचारानें उपास करतो, त्याची आसक्ति अशा उपासानें उलट वाढते, हा बोध आम्हां धर्मगुरूंनींही त्यांतून घ्यावा.

आतां प्रमाणाकडे वळूं. आपल्या देशांतील आहारशास्त्रज्ञांनीं २०२० सालीं ठरविल्याप्रमाणें निरोगी प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलोमागें रोज ०.८३ ग्रॅम चांगल्या प्रतीचीं प्रथिनें लागतात. वजन उतरवीत असतां, आणि विशेषतः साठीच्या पुढें, हें प्रमाण वाढवून किलोमागें १.२ ते १.५ ग्रॅम ठेवावें असा तज्ज्ञांचा कल आहे. हा हिशेब आजच्या फुगलेल्या वजनावर न करतां, जें वजन असावयास हवें त्यावर केला तरी चालतो. समजा एका बाईचें वजन ७२ किलो आहे, आणि तिच्या उंचीला ५५ किलो योग्य. तर तिला रोज सुमारे ६६ ग्रॅम प्रथिनें पाहिजेत.

मावशींच्या ताटांत तीं किती होतीं? चहा-खारी, थोडा भात, पातळ रस्सा आणि पेज मिळून फार तर वीस-पंचवीस ग्रॅम. आतां त्याच घरांतील, त्याच बाजारांतील दुसरें ताट पाहा.

सकाळीं दोन उकडलेलीं अंडीं आणि तांदळाची एक लहान भाकरी: १५ ग्रॅम. दुपारीं शंभर ग्रॅम बांगडा किंवा तशीच दुसरी मासळी, तळून नव्हे, कालवणांत किंवा तव्यावर थोड्या तेलांत. एक वाटी घट्ट डाळ. पूर्वीच्या निम्मा भात. आणि भरपूर भाजी: सुमारे ३२ ग्रॅम. चार वाजतां बिस्किटांऐवजीं मूठभर भाजलेले चणे: ६ ग्रॅम. रात्रीं एक वाटी मुगाची किंवा वालाची उसळ, एक भाकरी आणि वाटीभर दहीं: १६ ग्रॅम. बेरीज ६९ ग्रॅम झाली. हें ताट कोणाला उपाशी ठेवणारें नाहीं. उलट, प्रथिनांनीं पोट भरल्याची भावना अधिक वेळ टिकते, म्हणून संध्याकाळीं फरसाणाच्या डब्याकडे हात जात नाहीं. सारीं प्रथिनें एकाच जेवणांत न कोंबतां तिन्ही वेळां वांटून घ्यावीं. उतारवयांत तर सकाळचें जेवण विशेषेंकरून जपावें, कारण चहा-पावावर अर्धा दिवस काढण्याची खोड त्याच वयांत अधिक.

मग वजन उतरणार कशानें? निम्म्या भातानें, साखरेशिवाय चहानें, तळणाच्या कढईला दिलेल्या सुट्टीनें. पंधरा मिलिलिटर तेलांत, म्हणजे मोठा चमचाभर तेलांत, सुमारे १२५ उष्मांक असतात. कांदा-खोबऱ्याच्या वाटणांत हात सैल सोडला कीं तीन चमचे तेल केव्हां गेलें हें सुगरणीलाही कळत नाहीं. आणि पुरुषमंडळींनीं हेंही ऐकावें: एक ग्रॅम साखरेंत किंवा प्रथिनांत ४ उष्मांक, तर एक ग्रॅम मद्यार्कांत ७. लग्नाच्या मांडवांत रात्रभर पेला भरीत राहून दुसऱ्या दिवशीं बायकोला "अंडें देऊं नकोस, मी वजन कमी करतों आहें" असें सांगणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत.

मासळी महाग झाली आहे, हें आम्ही जाणतों. पापलेट आणि सुरमई रोज कोणाला परवडणार? परंतु प्रथिनें किंमतीवर ठरत नाहींत. बांगडा, मांदेली, तारली या स्वस्त मासळींत तीं पापलेटाहून कमी नाहींत. पावसाळ्यांतील बंदीच्या दिवसांत सुके बोंबील आणि सुकट हाताशीं असतेच. ओल्या बोंबलांत पाणीच फार, परंतु तोच वाळला कीं वजनाच्या मानानें प्रथिनांचा मोठा सांठा होतो. मात्र सुक्या मासळींत मीठ असतें. ती दोन पाण्यांत भिजवून धुवावी, आणि रक्तदाब असणारांनीं बेतानेंच खावी. डाळी व कडधान्यें यांत शंभर ग्रॅमांमागें वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिनें असतात. धान्यांत जो घटक कमी तो कडधान्यांत असतो, आणि कडधान्यांत जो कमी तो धान्यांत. म्हणून डाळ-भात, उसळ-भाकरी ही आजीबाईंची जोडी शास्त्रालाही पटते. फक्त त्यांत डाळ पाण्यासारखी आणि भाताचा डोंगर असूं नये. शेंगदाणे चांगले, पण त्यांत निम्मी चरबी असते, म्हणून ते मूठभर, बशीभर नव्हेत.

येथें एक गोष्ट घरोघरच्या पुरुषांना व मुलांना सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. आपल्या घरांत मधली तुकडी बाबांना, दुसरी मुलांना, आणि आईच्या ताटांत डोकें, शेपूट व रस्सा, असा रिवाज अजून कोठें कोठें दिसतो. मग तीच आई वजन कमी करावयाचें म्हणून उरलेला तुकडाही सोडते, आणि सारें घर तिच्या त्यागाचें कौतुक करतें. बंधूंनो, हें कौतुक आम्हींही केलें. तें पुन्हां होऊं नये. मासळी मोजूनच आणली असेल तर ती मोजूनच वाढा, आणि आईचें ताट शेवटीं उरेल तें घेऊन भरूं नका.

हल्लीं कित्येक तरुण डबाबंद प्रोटीनची भुकटी आणतात. जेवणांतून पुरेसें मिळत असेल तर तिची बहुधा गरज नाहीं. वृद्धांस अगर आजारी माणसांस डॉक्टर सांगतील तर घ्यावी. परंतु भुकटीवरच जगण्याचें वेड घातक आहे. अमेरिकेंत १९७६-७७ सालीं द्रवरूप प्रोटीन पिऊन दुसरें कांहींच न खाण्याची लाट आली होती. तें प्रोटीन बहुतांशीं जनावरांच्या कातडीपासून व स्नायुबंधांपासून काढलेलें, म्हणजे अपुऱ्या प्रतीचें होतें, आणि रोजचे उष्मांक अत्यंत थोडे. पन्नासाहून अधिक लोकांच्या मृत्यूंची नोंद झाली; कित्येकांचीं हृदयें एकाएकीं बंद पडलीं. भूक मारणारीं इंजेक्शनेंही आतां आलीं आहेत. डॉक्टरांनीं तीं दिलीं असतील तर खुशाल घ्यावीं. पण भूकच थोडी राहिल्यावर आधीं डाळ-मासळीचा घांस घ्यावा, भाताचा नंतर.

ज्यांचें मूत्रपिंड बिघडलेलें आहे त्यांनीं आमचें ऐकून प्रथिनें वाढवूं नयेत. त्यांचें प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनींच ठरवावें. मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणारांनींही भात कमी करण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारावें, नाहीं तर साखर धोक्याइतकी खालीं जाईल.

नुसतें खाऊनही भागत नाहीं. वाशांना भार दिला तर ते टिकतात. चालणें चांगलें, पण स्नायूंना ओझें लागतें. खुर्चींतून हाताचा आधार न घेतां दहा वेळां उठावें-बसावें, जिना चढावा, पाण्याची बादली उचलावी, आणि हें झेपेल तसें वाढवावें. आठवड्यास अर्धा किलो वजन उतरलें तरी पुष्कळ झालें.

आम्हीं हें स्वतःवर करून पाहिलें आहे. पॅरिशचे सण, लग्नें, बारशीं, वाढदिवस. प्रत्येक घरीं फादरांच्या ताटांत दोन फुगे अधिक. त्यामुळें आमच्याही पोटाचा घेर झग्यांतून दिसूं लागला होता. वर सांगितलेल्या रीतीनें अकरा महिन्यांत नऊ किलो उतरले, आणि वेदीपुढें गुडघा टेकल्यावर आम्ही आजही कोणाचा हात न धरतां उठतों.

आतां राहिला उपासाचा प्रश्न. आणि तेथें आम्ही आपल्या अधिकाराच्या विषयावर येतों. पवित्र सभेचा नियम काय आहे? उपासाचे सक्तीचे दिवस दोनच: राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. त्या दिवशीं एक पुरें जेवण आणि दोन हलकीं. ही सक्ति वयाचीं १८ वर्षें पूर्ण झाल्यापासून ६० वें वर्ष लागेपर्यंत. मांसवर्जनाच्या दिवशीं वर्ज्य तें मांस. मासळी, अंडें, दूध वर्ज्य नाहीं. म्हणजे त्या मावशींवर उपासाची सक्तीच नव्हती! हें त्यांना सांगणें आमचें काम होतें, आणि तेंच आम्हीं केलें नाहीं.

संतांचा दाखला हवा असेल तर संत फ्रान्सिस बोर्जांचा घ्या. स्पेनमधील गांदियाचे हे ड्यूक देहानें फार स्थूल होते. १५४६ सालीं पत्नी वारल्यावर ते येशूसंघाकडे वळले, आणि प्रायश्चित्त म्हणून त्यांनीं जेवण इतकें तोडलें कीं प्रकृति बिघडूं लागली. तेव्हां १५४८ सालीं संत इग्नेशस यांनीं त्यांना पत्र लिहून आंवरलें. उपास कमी करावे, पोट सांभाळून त्याला बळ द्यावें, कारण दुबळ्या शरीरानें देवाची सेवा नीट होत नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. आणि हें लिहिणारे इग्नेशस कोण? ज्यांनीं १५२२ सालीं मान्रेसा येथें कडक उपासांनीं स्वतःची प्रकृति बिघडवून घेतली होती, तेच. आपली चूक ओळखून दुसऱ्याला तींतून वांचविणें, एवढें तरी त्यांचें अनुकरण आम्हांस करतां येईल.

तेव्हां, प्रिय जनहो, पुढच्या उपासाच्या काळीं आमची विनंति ही. सोडावयाचें तर साखर सोडा, तळण सोडा, दारू सोडा. त्यांतून वांचलेल्या पैशांनीं एखाद्या गरजू घरीं अंडीं पोंचवा. उठलेल्या प्रभूनें तिबेरियाच्या किनाऱ्यावर थकलेल्या शिष्यांसाठीं निखाऱ्यावर मासळी आणि भाकर तयार ठेवली होती, उपदेशाआधीं त्यांना जेवूं घातलें होतें, हें आपण कोळीवाड्याशेजारीं राहणारांनीं तरी विसरूं नये.

पुढच्या पहिल्या शुक्रवारीं आम्ही मावशींकडे जाणार आहों. त्यांची सून आतां रोज सकाळीं त्यांना अंडें देते, आणि खुर्चीला धरून पांच वेळां उभें करते. मागच्या महिन्यांत त्या दारापर्यंत चालत आल्या. देवाची इच्छा असेल तर ज्युबिली वर्ष संपण्यापूर्वीं त्या पुन्हां आपल्या बांकावर बसतील. त्या दिवशीं त्यांना शाबासकी द्यावयाची आहे. या वेळीं योग्य कारणासाठीं.

देव तुम्हां सर्वांचें कल्याण करो.